कुंपणाचे त्रेचाळीस सेंटिमीटर

वेंडेलीन डीट्शे यांचा पेशा मुंग्यांना जागच्या जागी चालवण्याचा होता. यात पोट कसं भरतं, हा प्रश्न त्यांच्या सासूबाईंना लग्नाच्या दिवशी पडला आणि तो बरोबर घेऊनच त्या गेल्या. पण भरत होतं. सरोवराकाठच्या त्या गावात विद्यापीठ होतं, विद्यापीठात प्राण्यांना वाट कशी सापडते याचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा होती, आणि प्रयोगशाळेच्या तळघरात डीट्शेंचं वर्कशॉप होतं. शास्त्रज्ञ यायचे, कागदावर पेन्सिलीने काहीतरी चितारायचे, "साधारण असं काहीतरी हवंय," म्हणायचे आणि जेवायला निघून जायचे. ते "असं काहीतरी" डीट्शे बनवायचे.

त्यातलं सगळ्यात नाजूक "असं काहीतरी" म्हणजे चेंडू. थर्मोकोलचा, पांढरा, लिंबाएवढा. खालून हवेचा हलका झोत, त्यावर तो तरंगत राहायचा. चेंडूवर मुंगी. तिच्या पाठीला केसाएवढी तार चिकटवलेली, त्यामुळे ती पडायची नाही आणि पळायचीही नाही. ती चालू लागली की पायाखालचा चेंडू फिरायचा, दोन कॅमेरे त्याची प्रत्येक हालचाल टिपायचे, आणि संगणक मुंगीभोवतीच्या गोल पडद्यावरचं चित्र तेवढंच सरकवायचा. मुंगी उजवीकडे वळली की सगळं जग डावीकडे वळे. मुंगीला वाटे, निघालो आपण.

दिवे मालवले की खोलीत फक्त तो पडदा उजळे. त्याच्या मधोमध तांदळाच्या दाण्याएवढा जीव लगबगीने चाललेला असे. सहा मीटर, दहा मीटर, कधी वीस मीटर, आणि तरी तिथेच. डीट्शे मागे स्टुलावर बसून बघत राहायचे. बाहेर पाऊस आहे की ऊन, सोमवार आहे की गुरुवार, याचा त्यांना विसर पडायचा. ही बाई निघाली कुठे, पोचणार कधी, घरी गेल्यावर काय म्हणेल, असे विचार त्यांच्या डोक्यात तरंगू लागायचे. रोज सात-पाचची बस पकडून तळघरात येणाऱ्या माणसात आणि या मुंगीत फरक काय, असाही एक विचार मधूनमधून यायचा. पण तसले विचार ते फक्त जेवणाच्या सुट्टीत करत.

त्यांना एकच गोष्ट खुपत होती. सत्तावीस वर्षांत त्यांच्या चेंडूवरची एकही मुंगी घरी पोचली नव्हती. मुंगी पडद्यावरच्या घरट्याजवळ आली रे आली, की कुणीतरी शास्त्रज्ञ बटण दाबायचा आणि सगळं जग पाव फेरा फिरवून टाकायचा. का, तर आता ती काय करते ते बघायचं. मुंगी घरी पोचली की विज्ञानाचं काम संपतं, आणि ती चुकली की सुरू होतं, असा काहीसा तो मामला होता. सप्टेंबरअखेर डीट्शे निवृत्त होणार होते. त्याआधी एकदा, फक्त एकदा, एक मुंगी घरी पोचलेली त्यांना बघायची होती. ही इच्छा त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, कारण एकसष्टाव्या वर्षी माणसाच्या इच्छा जरा भारदस्त असाव्यात अशी लोकांची अपेक्षा असते.

मे महिन्यात चहा-कॉफीच्या खोलीत डॉ. इल्का टेरहाग वैतागून बसल्या होत्या. या उत्तरेकडच्या सपाट मुलखातल्या. वय चौतीस, बोलणं धडाधड, आणि कॉफी मगातून नव्हे तर मोजमापाच्या काचपात्रातून.

"चालतच नाहीत हो मुंग्या! दोन पावलं टाकतात आणि मिशा पुसत बसतात."

"पडद्यावर काय दाखवताय तुम्ही त्यांना?" डीट्शेंनी विचारलं.

"काळे पट्टे. दोन त्रिकोण."

"मग बरोबर आहे त्यांचं. मला कुणी काळे पट्टे दाखवून घरी जा म्हटलं, तर मीही मिशा पुसत बसेन. बिचारीला तिचं गाव तरी दाखवा."

"तिचं गाव कुठून आणू?"

"माझ्या बागेत आहे की. झोपडीच्या पायरीखाली वारूळ, प्लमच्या झाडापर्यंत रांग. जायला सहा मीटर, यायला सहा मीटर."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. इल्काबाईंनी काचपात्र खाली ठेवलं आणि त्या क्षणी डीट्शेंच्या बागेचा सरकारी उपक्रम झाला.

बाग म्हणजे गावाबाहेरच्या बागसंघाच्या जमिनीतला, गावकऱ्यांना हौसेच्या बागकामासाठी वाटून दिलेल्यांपैकी, सतरा नंबरचा तुकडा. त्यातल्या लाल मुंग्यांना कायद्याचं संरक्षण होतं, त्यामुळे बारा मुंग्या उचलायला निसर्गरक्षण कचेरीची परवानगी हवी होती. अर्ज नऊ पानी होता आणि तो मुंगीपासून बैलापर्यंत सगळ्यांना एकच होता. "कळपातील जनावरांची संख्या" इथे डीट्शेंनी बारा लिहिलं. "दावणीची सोय आहे काय?" इथे त्यांनी बराच विचार करून "आहे, केसाएवढी" असं लिहिलं. आठवड्याने कचेरीतून फोन आला.

"बाराच का?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"प्रयोगाला तेवढ्या लागतात."

"आणि वारुळात एकूण किती आहेत?"

"असतील लाखभर."

"असतील म्हणजे? मोजल्या नाहीत? मग बारा कमी झाल्या हे आम्हाला कळणार कसं?"

या प्रश्नाला पृथ्वीवर उत्तर नव्हतं. ते शोधण्यात जून संपला आणि जुलै संपला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परवानगी आली. शुक्रवारी इल्काबाई बागेत आल्या, प्लमच्या झाडापाशी साखरपाणी पिऊन टम्म झालेल्या बारा मुंग्या त्यांनी अलगद उचलल्या, प्रत्येकीच्या पाठीवर रंगाचा ठिपका दिला आणि डबीत घालून नेल्या. पोट भरलेली मुंगी फक्त घराचा विचार करते, असं त्यांनी सांगितलं. डीट्शेंना ते पटलं.

आता उरलं बागेचं छायाचित्रण. मुंगी जग जमिनीवरून बघते, म्हणून जमिनीला टेकवून, दर वीस सेंटिमीटरवर एक, अशी शेकड्यांनी छायाचित्रं घ्यायची होती. संगणक ती जोडून अख्खी बाग पडद्यावर उभी करणार होता. ते रविवारी करायचं ठरलं. इल्काबाई जाता जाता सहज म्हणाल्या, "सप्टेंबरात बाहेरगावचे सहा प्राध्यापक येतायत. त्यांनाही दाखवू तुमची बाग."

डीट्शेंनी ही बातमी घरी सांगितली. त्यांची बायको रोसविथा औषधांच्या दुकानात कामाला होती आणि तिचा स्वभाव औषधांच्या कपाटासारखा होता: प्रत्येक गोष्ट आपापल्या खणात.

"सहा प्राध्यापक?" ती म्हणाली. "आणि त्यांना तू ते कुंपण दाखवणार? ते शेवाळ? ती गंजलेली झारी?"

"ते मुंगीचं जग आहे, रोसविथा."

"मुंगीचं असेल. बागेवर नाव आपलं आहे."

पाहुणे येणार म्हटल्यावर घर आवरायचं, हा नियम सगळ्या नियमांच्या आधीचा. शनिवारी सकाळी सातपासून दोघं कामाला लागली. रोसविथाने फरशांच्या फटींतलं शेवाळ सुरीने खरवडलं. पाण्याचं पिंप साबणाने धुतलं. झारी, तुटकी खुर्ची, घेवड्याच्या काठ्यांचा ढीग, सगळं झोपडीत कोंबलं. डीट्शेंनी कुंपणाला कात्री लावली. बागसंघाच्या नियमाप्रमाणे झुडपांचं कुंपण एक मीटर पंचवीस सेंटिमीटरच्या वर नको. डीट्शेंचं अकरा वर्षं वर होतं, कारण त्यांना ते तसं आवडायचं. वारा आला की त्याचे शेंडे डुलायचे आणि पलीकडचे डोंगर मधूनच दिसायचे, मधूनच लपायचे. पण प्राध्यापकांपुढे बेकायदा कुंपण कसं ठेवणार? दोरी बांधून त्यांनी ते सरळ रेषेत उतरवलं. संध्याकाळी दोघं उन्हात बसून प्लमचा केक खात बागेकडे बघत होती. बाग नुकती न्हाव्याकडून आलेल्या पोरासारखी दिसत होती, तेवढीच देखणी आणि तेवढीच परकी.

रविवारी डीट्शे पोटावर झोपले.

जमिनीला गाल लावून त्यांनी याआधी जग कधी बघितलं नव्हतं. गवताची पाती डोक्याच्या वर गेली होती आणि त्यांतून ऊन हिरवं होऊन खाली येत होतं. एक वाळलेलं पान एखाद्या उलट्या होडीएवढं दिसत होतं. पायरीजवळून मुंग्यांची रांग चालली होती आणि प्रत्येक मुंगी दुसरीशी क्षणभर थांबून काहीतरी बोलत होती, बाजारातून येणाऱ्या बायका बोलतात तशी. डीट्शे कॅमेऱ्याचं बटण दाबायचे, वीस सेंटिमीटर सरकायचे, पुन्हा गाल टेकायचे. पंधरा-वीस छायाचित्रांनंतर आपण किती मोठे आहोत हेच त्यांना आठवेना, आणि ते त्यांना बरं वाटत होतं.

"पाठीत धरलं का हो?"

कुंपणावरून शेजारच्या फ्राऊ रुटहार्ट, म्हणजे रुटहार्टबाई, डोकावत होत्या. काल परवापर्यंत त्यांना टाचा उंचवाव्या लागत. आज कुंपण त्यांच्या छातीपर्यंतच होतं, त्यामुळे त्या सगळ्याच्या सगळ्या डोकावत होत्या.

"नाही, फ्राऊ रुटहार्ट. मुंग्यांचं काम चाललंय."

"मुंग्या? मग झोपून काय होणार? सोडा घाला, बेकिंगचा. नाही तर उकळतं पाणी."

"मला त्यांना मारायचं नाही. त्यांना काय दिसतं ते बघतोय."

फ्राऊ रुटहार्टनी कोपरं कुंपणावर टेकवली. मग मऊ आवाजात म्हणाल्या, "निवृत्तीची तारीख जवळ आली की असं होतं. आमच्या ह्यांनी शेवटच्या वर्षी पोस्टात बसून तिकिटांशी बोलायला सुरुवात केली होती. रोसविथाला माहितेय ना हे?"

त्यांनी एक गादी फेकली, पोटाखाली घ्यायला. डीट्शेंनी ती घेतली, कारण खडे टोचत होते. पण घेताना त्यांचा स्वाभिमान खड्यांपेक्षा जास्त टोचला.

मंगळवारी इल्काबाईंनी पहिली मुंगी चेंडूवर ठेवली. दिवे मालवले. पडद्यावर सतरा नंबरची बाग उगवली: गवत, पायरी, झोपडी, मागे सरळ रेघ मारल्यासारखं कुंपण. ती इतकी खरी होती, की डीट्शेंनी स्टूल पुढे ओढलं. मुंगी चार पावलं चालली. थांबली. उजवीकडे वळली, डावीकडे वळली, एक मोठं वेटोळं घातलं, मग दुसरं. दुसरी मुंगी, तेच. तिसरी तर घराकडे पाठ फिरवून प्लमच्या झाडाकडे परत चालू लागली. संध्याकाळपर्यंत बाराच्या बारा मुंग्या डीट्शेंच्या बागेत हरवल्या.

"होतं असं," इल्काबाई म्हणाल्या. इतकी धडाधड बोलणारी बाई हळू बोलली, यावरून परिस्थिती काय आहे हे डीट्शेंना कळलं.

चूक चेंडूची असणार, असं त्यांनी धरलं. तीन दिवस त्यांनी तो घासला, तोलला, हवेची नळी बदलली, कॅमेरे इंचभर खाली घेतले. चेंडू असा हलका झाला की श्वासाने फिरावा. मुंग्या आणखी हलक्या पावलांनी हरवू लागल्या. शुक्रवारी दुपारी इल्काबाई दारात उभ्या राहिल्या आणि अगदी श्रीयुत लावून बोलल्या.

"हेर डीट्शे, मी तयार यंत्राची चौकशी केलीय. एक कंपनी सगळं जोडून देते. तुमचे शेवटचे आठवडे आहेत, उगाच ताण नको."

ताण नको! सत्तावीस वर्षं आणि शेवटी तयार यंत्र. त्यांना रडू आलं असतं, पण त्यांच्या हातात बारीक पॉलिशपेपर होता, म्हणून ते चेंडू घासत राहिले.

त्या दिवशी रोसविथा त्यांना घ्यायला आली. तिला बाग पडद्यावर बघायची होती. अंधारात ती मधोमध उभी राहिली, गोल फिरून तिने सगळं निरखलं, आणि समाधानाने म्हणाली, "बघ! आवरलं ते किती बरं झालं."

इल्काबाईंची खुर्ची करकरली. "आवरलं म्हणजे?"

"शनिवारी आवरली ना आम्ही बाग. वेंडेलीननी कुंपण कापलं, मी शेवाळ काढलं, काठ्या आत ठेवल्या. आधीची तुम्ही बघितलीच होती, लाज वाटली असती चारचौघांत."

"किती कापलं?"

"फार नाही," डीट्शे म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "असेल... हातभर."

मुंग्या शुक्रवारी उचललेल्या. कुंपण शनिवारी कापलेलं. मुंगी वाट ओळखते ती आकाशाला टेकलेल्या कडेवरून: इथे शेंडा, इथे खळगी, इथे झोपडीचा कोपरा. या गोष्टीवर डीट्शेंनी एकेचाळीस शोधनिबंधांसाठी यंत्रं बनवली होती. आणि त्यांनी स्वतःच्या हाताने, दोरी लावून, त्या बाराजणींचं सगळं क्षितिज कापून कचऱ्याच्या ढिगात टाकलं होतं.

"पाहुणे येणार होते," ते एवढंच म्हणाले.

इल्काबाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. "जुनं छायाचित्र आहे बागेचं? कुठलंही?"

छायाचित्रं होती. वाढदिवसाची, केकची, रोसविथाच्या बहिणीची. सगळ्यांत कुंपण होतं, पण कुणाच्या तरी डोक्यामागे. शनिवारी सकाळपर्यंत घरातले सगळे अल्बम पालथे घालून झाले होते, आणि तेवढ्यात पत्र आलं.

पत्र बागसंघाचे अध्यक्ष हेर कुडेरर यांचं होतं. कुडेरर जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले आणि तरी मोजायचे थांबलेले नव्हते. पत्रात लिहिलं होतं, की पक्ष्यांच्या घरट्यांच्या मोसमात, म्हणजे सप्टेंबर संपेपर्यंत, कुंपणाची फक्त वरवरची छाटणी चालते. बाग क्रमांक सतराने मात्र त्रेचाळीस सेंटिमीटर कापले असून हा गंभीर नियमभंग आहे. अकरा वर्षं कुंपण उंच म्हणून पत्र यायचं. आता बुटकं म्हणून आलं. डीट्शे संतापून ते फाडणार होते, तेवढ्यात रोसविथाने ते हिसकावून घेतलं.

"त्रेचाळीस," ती म्हणाली. "बेचाळीस नाही, चव्वेचाळीस नाही. याला कसं ठाऊक रे आपलं कुंपण आधी किती होतं?"

कुडेररांच्या बागेतली झोपडी म्हणजे कचेरीच होती. कपाटातून त्यांनी एक जाडजूड फाइल काढली. पाठीवर लिहिलेलं: सतरा. दर जुलैमध्ये संघाची पाहणी असे. तेव्हा कुडेरर प्लमच्या झाडापाशी गुडघे टेकून, कॅमेरा जवळजवळ गवतात ठेवून, मोजपट्टीसकट कुंपणाची छायाचित्रं घेत. खालून काढलं की कुंपण उंच दिसतं, आणि पुरावा कसा भव्य हवा. यंदाचीही होती, पाच आठवड्यांपूर्वीची. शेंडे, खळगी, काठ्यांचा ढीग, गंजकी झारी. मुंगीने स्वतः काढली असती तर यापेक्षा चांगली आली नसती.

डीट्शेंनी फाइल छातीशी धरली. "हेर कुडेरर, ही मला दोन दिवस द्याल?"

"कशाला?"

डीट्शेंनी सगळं सांगितलं. चेंडू, मुंग्या, आवरलेली बाग, तयार यंत्र. कुडेरर फाइलची पानं सारखी करत ऐकत होते.

"म्हणजे," शेवटी ते म्हणाले, "कुंपण एक मीटर अडुसष्ट होतं, हे तुम्हाला मान्य आहे?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. गेली अकरा वर्षं डीट्शेंनी प्रत्येक पत्राला लेखी उत्तर दिलं होतं, की जमीन उताराची आहे, मोजपट्टी चुकीच्या जागी टेकवली आहे, कुंपण नियमात आहे. अकरा उत्तरं. फाइलमध्ये तीही होती, भोकं पाडून, तारखेनुसार.

"मान्य आहे," डीट्शे म्हणाले.

"लेखी द्या."

त्यांनी लिहून दिलं. ती कबुली सोमवारी सकाळी बागसंघाच्या फाटकावरच्या काचेच्या पेटीत लागली, सफरचंदाचा रस काढण्याच्या वेळापत्रकाशेजारी. फ्राऊ रुटहार्टनी ती दोनदा वाचली, आणि डीट्शे दिसताच त्यांचा दंड थोपटून म्हणाल्या, "बोलून टाकलंत ते बरं केलंत. मन हलकं होतं."

मोजपट्टी प्रत्येक चित्रात असल्यामुळे इल्काबाईंना एकेका शेंड्याची उंची मिळाली. मंगळवारी दुपारी पडद्यावर पुन्हा बाग उगवली, जुनी, विस्कटलेली, झारीसकट. सात नंबरची मुंगी, पाठीवर हिरवा ठिपका, चेंडूवर उतरली. तिने मिशा हलवल्या. मान थोडी वर केली. आणि चालू लागली.

ती सरळ निघाली. चेंडू तिच्या पायांखाली अलगद फिरत होता. गवत दोन्ही बाजूंनी मागे जात होतं, झोपडी हळूहळू मोठी होत होती, आणि मागचं कुंपण आपले वेडेवाकडे शेंडे घेऊन तिच्या समोर उभं होतं. डीट्शेंना वाटलं, आपणही चाललोय. स्टुलावर बसल्या बसल्या त्यांचे पाय हलत होते. चार मीटर. पाच. घरटं जवळ आलं. इल्काबाईंचं बोट सवयीने बटणाकडे गेलं.

"नका," डीट्शे म्हणाले.

इल्काबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग हात मांडीवर ठेवला.

मुंगी पोचली. पडद्यावर पायरी होती, पायरीखालची सावली होती. मुंगी थांबली आणि दार शोधू लागली. इकडे फिरली, तिकडे फिरली, खाली मिशा लावून चाचपलं. खाली थर्मोकोल होता. ती पुन्हा फिरली. डीट्शे आधी हसत होते. मग त्यांचं हसू थांबलं. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते हेच असेल, तर ते फार वाईट होतं. घरासमोर उभं राहून आत जाता येत नाही, हे काही पोचणं नाही.

"ही मला द्या," ते म्हणाले. "हिला मी घरी नेतो."

"बाराही न्यायच्याच आहेत," इल्काबाई म्हणाल्या. "मी येते बरोबर."

चार वाजता बागेत ऊन तिरपं झालं होतं. पाठीवरची तार काढलेली सात नंबर प्लमच्या झाडापाशी सोडली. ती दोन पावलं चालली, थांबली, आणि वेटोळं घालू लागली. समोर एक मीटर पंचवीसची सरळ रेघ होती. तिचं गाव पडद्यावरच राहिलं होतं.

"अरे, उचल आणि ठेव तिला भोकापाशी," रोसविथा म्हणाली.

"नाही." डीट्शेंचा आवाज स्वतःलाच अनोळखी वाटावा इतका वर चढला. "सत्तावीस वर्षं उचलून ठेवतोय मी त्यांना, रोसविथा. इथून तिथे, तिथून इथे. आज ती आपल्या पायांनी जाईल."

"अहो, पण दिसत नाहीये ना तिला!" कुंपणापलीकडून फ्राऊ रुटहार्ट.

फाटक वाजलं. कुडेरर आत आले. काखेत फाइल, हातात मोजपट्टी. आपल्या मापांवर मुंगी चालली का, हे विचारायला ते आले होते. चालली म्हटल्यावर त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. पण जमिनीवरची वेटोळी बघून ते खाली वाकले. बराच वेळ वाकून राहिले.

"कुठे चुकतंय?" त्यांनी विचारलं.

"त्रेचाळीस सेंटिमीटर कमी आहेत," इल्काबाई म्हणाल्या.

कुडेररांनी फाइल उघडली. लाकडांच्या ढिगावरची गडद हिरवी ताडपत्री बघितली. मग अंगात मोजणी खातं संचारल्यासारखे सरळ झाले.

"ताडपत्री काढा. चौघं जण, कुंपणामागे. घरट्यामागचे चार मीटर पुरेत. हेर डीट्शे, उंच आहात, तुम्ही मधे. फ्राऊ रुटहार्ट, डाव्या टोकाला. वर धरा. आणखी वर. एक साठ, एक पासष्ट... थांबा!"

चौघं कुंपणामागे हात वर करून उभी राहिली. ताडपत्री वाऱ्याने फडफडत होती.

"फ्राऊ डीट्शे, तुमच्याकडे खळगी आहे. आठ सेंटिमीटर खाली. फ्राऊ रुटहार्ट, तुम्ही शेंडा आहात, वाकू नका. डॉक्टर, तुमचा कोपरा फार गुळगुळीत दिसतोय, जरा चुरगळा."

"पुरावा आहे ना तुमच्याकडे?" फ्राऊ रुटहार्ट धापा टाकत म्हणाल्या. "शेंडा इथेच होता?"

"दोन हजार चौदापासून," कुडेरर म्हणाले, आणि इस्त्रीची पँट, पांढरा शर्ट यांसकट गवतात पालथे पडले.

डीट्शेंना ताडपत्रीच्या कडेवरून बाग दिसत होती, ऊन दिसत होतं, कुडेररांचे बुटांचे तळवे दिसत होते. मुंगी दिसत नव्हती. सहा मीटरवरून मुंगी कुणालाच दिसत नाही, आणि चष्मा घामाने घसरून नाकाच्या टोकावर आला होता. तो सारायला हात मोकळा नव्हता. जन्मभर जे एकदा बघायचं होतं ते आता घडणार होतं, आणि ते स्वतः कुंपण झाले होते.

"काय करतेय ती?" त्यांनी विचारलं.

"थांबलीय. चेहरा हलवू नका, हेर डीट्शे, तुमचं टक्कल चमकतं." कुडेररांचा आवाज गवतातून येत होता. "मान वर केलीय तिने. बघतेय."

सरोवराकडून एका बोटीचा भोंगा आला आणि विरला. ताडपत्रीमागे हिरवा अंधार होता आणि त्यात डीट्शेंचे दंड दुखत होते, आणि त्यांना वाटत होतं, कुठेतरी खूप खाली, पात्यांच्या रानातून, कुणीतरी आपल्याकडे बघतंय आणि ओळखतंय.

"निघाली," कुडेरर म्हणाले. "सरळ. अगदी सरळ. वाळक्या पानाला वळसा घातला... परत रेषेवर आली. एक मीटर. अहो, काय चालते ही!"

"ठिपका हिरवाच ना?" इल्काबाईंनी विचारलं.

"हिरवा. दोन मीटर." कुडेरर कोपरांवर सरपटत होते, आवाज पुढे पुढे सरकत होता. "तीन. फ्राऊ डीट्शे, खळगी! खळगी वर आली तुमची. हां. चार. पाच. पायरीपाशी आली. एक दुसरी भेटली तिला. दोघी थांबल्यात. मिशांना मिशा लावतायत."

"काय म्हणतायत?" फ्राऊ रुटहार्ट कुजबुजल्या. त्यांच्यावर कुणी हसलं नाही.

मग बराच वेळ आवाज आला नाही. डीट्शेंनी ताडपत्रीची मूठ आणखी घट्ट केली. घाम डोळ्यांत उतरला होता, निदान त्यांनी तो घामच आहे असं ठरवलं होतं.

"हेर कुडेरर?"

"गेली," कुडेरर म्हणाले. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. "आत गेली. मी बघितलं. घरी गेली, हेर डीट्शे."

रोसविथाने मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. डीट्शे हात खाली घेणार, तेवढ्यात गवतातून पुन्हा आवाज आला, आता चांगला खणखणीत.

"खबरदार, कुणी हलायचं नाही! अजून अकरा आहेत."

आणि कुंपण उन्हात तसंच उभं राहिलं, एक मीटर अडुसष्ट सेंटिमीटर.